अर्जाला तारीख हवी

दिवाणी न्यायालयाचे कामकाज मुदतीवर चालते. समन्स बजावल्यापासून प्रतिवादीने 30 दिवसांत कैफियत द्यायची. न्यायालयाने सवलत दिली तरी दिवाणी प्रक्रिया संहितेत मर्यादा 90 दिवसांची. दावा व्यापारी स्वरूपाचा असेल तर 120 दिवस उलटल्यावर कैफियत घेतच नाहीत. धनादेश वटला नाही, तर बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस पोहोचल्यापासून पैसे भरायला 15 दिवस, आणि पैसे आले नाहीत तर त्यापुढच्या महिन्याभरात फिर्याद. दिवाणी अपील जिल्हा न्यायालयात करायचे तर 30 दिवस, उच्च न्यायालयात करायचे तर 90. एक दिवस उशीर झाला तरी विलंबमाफीचा अर्ज द्यावा लागतो आणि उशिराचे कारण न्यायाधीशांना पटवावे लागते. वकिलाच्या डायरीत म्हणूनच प्रत्येक नोंदीसमोर तारीख असते, आणि चुकलेल्या तारखेची किंमत पक्षकार मोजतो. असे असताना या व्यवसायात पाऊल टाकू पाहणाऱ्या तरुणाने एखाद्या लॉ फर्मकडे किंवा सिनिअर वकिलाच्या ऑफिसात उमेदवारीसाठी अर्ज केला, तर त्या अर्जाला मात्र कसलीच मुदत नसते. उत्तर आठ दिवसांत येईल, आठ महिन्यांत येईल किंवा कधीच येणार नाही, आणि या तिन्ही शक्यतांतला फरक अर्जदाराला कळायला मार्ग नाही.

रावेरच्या न्यायालयात बांधाच्या वादाचा एखादा दावा दाखल झाला की त्याला 16 अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. पक्षकार तो मोबाइलवरच्या ई-कोर्ट्स ॲपमध्ये टाकतो आणि शेतात उभ्या-उभ्या बघतो: पुढील तारीख अमुक, टप्पा पुराव्याचा, मागच्या तारखेला काय झाले ते रोजनाम्यात. दावा पंधरा वर्षे रेंगाळेल, त्याबद्दल तो शिव्याही घालेल. पण आपले प्रकरण जिवंत आहे की निकाली निघाले, एवढे तरी त्याला कळते. त्याच गावातून लॉ झालेली मुलगी मुंबईच्या फर्मला सीव्ही मेल करते, तेव्हा तिच्या हाती काही लागत नाही. क्रमांक नाही, टप्पा नाही, तारीख नाही. घरचे दर रविवारी विचारतात, "मंग, उत्तर उनं का?" त्यावर ती काय सांगणार? नकार आला असता तर तो तरी सांगता आला असता. माझे म्हणणे असे की ही निरुत्तर शांतता दिसते तितकी निरुपद्रवी नाही. ती स्वतःच निवड करते, आणि गुणवत्तेची नव्हे, थांबण्याची ऐपत असलेल्यांची करते. म्हणून नव्या वकिलाच्या अर्जाला तारीख मिळणे ही मेहेरबानी नसून व्यवसायाची जबाबदारी आहे; आणि ती पाळली जात नाही तोवर अर्जदाराने आपली मुदत आपण ठरवून, नव्या पुराव्यानिशी पुन्हा अर्ज करणे हाच शहाणपणा आहे.

खान्देशातून हे बोलण्याला कारण आहे. जळगाव जिल्ह्याचे पंधरा तालुके आणि धुळ्याचे चार, एवढ्या मुलखातून दरवर्षी मुले-मुली कायद्याची पदवी घेतात. जळगावचे एस. एस. मणियार विधी महाविद्यालय जुने आणि नावाजलेले. उज्ज्वल निकम तिथलेच. पण फर्म म्हणावी अशी कार्यालये जळगाव आणि धुळे या दोन शहरांत फार थोडी. इथे ऑफिसे आहेत ती सिनिअर वकिलांची: बैठकीची खोली, काचेच्या कपाटात निकालांचे खंड, एक टायपिस्ट, एक कारकून आणि दोन-तीन ज्युनिअर. मोठ्या फर्म मुंबईत, जळगावहून रेल्वेने सुमारे सव्वाचारशे किलोमीटरवर. धुळ्याची रेल्वे तर चाळीसगावहून फुटलेल्या फाट्यावरची. शिवाय या दोन्ही जिल्ह्यांचे उच्च न्यायालय मुंबईतही नाही. 1980 च्या दशकात औरंगाबाद खंडपीठ झाले तेव्हापासून खान्देशची अपिले आणि रिट याचिका तिकडे, आजच्या छत्रपती संभाजीनगरला जातात. म्हणजे इथल्या वकिलांचा रोजचा राबता एका दिशेला आणि कंपन्यांच्या वकिलीची बाजारपेठ दुसऱ्या दिशेला. मुंबईच्या फर्ममध्ये कोणी ओळखीचे असण्याची शक्यता त्यामुळे आणखी कमी होते, आणि ओळख नसलेल्याला मेल टाकून थांबण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

तो मेल कुठे जातो हे समजून घ्यायला फर्मची भरती कशी होते ते पाहावे लागते. पहिला दरवाजा राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा. मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद इथे 2014 ते 2017 या काळात महाराष्ट्राची तीन विद्यापीठे निघाली. फर्म अशा संस्थांत जाऊन पदवीच्या आधीच निवड करून मोकळ्या होतात. दुसरा दरवाजा इंटर्नशिपचा: विद्यार्थी महिनाभर काम करतो, ते आवडले तर पुढे जागा मिळते. तिसरा ओळखीचा. आपण होऊन पाठवलेला मेल या तिन्हींनंतर उरलेल्या जागेत शिरू पाहतो. दुसरा दरवाजा सर्वांना उघडा वाटतो, पण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांनी तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला 20 आठवडे इंटर्नशिप लावताना एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नको, असेही म्हटले आहे. अंधेरीत राहणाऱ्या मुलाला चार आठवडे म्हणजे चार आठवड्यांचे काम. पारोळ्याच्या मुलीला ते चार आठवड्यांचे भाडे, डिपॉझिट, खानावळ आणि लोकलचा पास, आणि एवढे करून बहुधा बिनपैशाचे काम. त्यात वकिलांना जाहिरातीची बंदी. बार कौन्सिलच्या 36 व्या नियमाने फर्मला स्वतःचा गाजावाजा करता येत नाही. 2008 पासून वेबसाइटवर जुजबी माहिती देता येते इतकेच. बंदीमागचा हेतू चांगला आहे, पण तिचा एक परिणाम असा की कोणत्या फर्मला आत्ता कशा माणसाची गरज आहे हे व्यवसायातल्या माणसांना कानोकानी कळते आणि बाहेरच्याला अंदाजाने पन्नास ठिकाणी मेल टाकावे लागतात.

वकिलीच्या सुरुवातीची वर्षे कोरडीच जायची, असे आपल्याकडे समजूतदारपणे सांगितले जाते. ते खरे आहे, पण ती वर्षे कोणी आणि कशावर काढली हे सांगितले जात नाही. मोहनदास गांधी 1891 मध्ये बॅरिस्टर होऊन परतले, मुंबईत वकिली चालेना, तेव्हा त्यांनी इंग्रजीच्या शिक्षकाच्या 75 रुपयांच्या जागेसाठी अर्ज केला. पदवीधर नाही म्हणून तिथेही नकार मिळाला. पुढे राजकोटला गेल्यावर अर्ज आणि निवेदने लिहून देण्याच्या कामावर महिन्याला सरासरी 300 रुपये मिळू लागले. ते काम भावाच्या भागीदाराच्या ओळखीने येत होते, हे त्यांनी आत्मचरित्रात स्वच्छ लिहिले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1923 मध्ये मुंबईत वकिली सुरू केली, तीही मित्राने दिलेल्या पैशांवर सनद काढून. त्या काळी मुंबईत बॅरिस्टरला काम सॉलिसिटरकडून यायचे, आणि अस्पृश्य बॅरिस्टरकडे काम पाठवायला सॉलिसिटर नाखूश. 1925 ते 1928 या काळात त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवून घर चालवायला हातभार लावला. कामाच्या निमित्ताने ते जिल्ह्यांच्या न्यायालयांतही जात. 1937 मध्ये खटल्यासाठी धुळ्याला आले असताना ते लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले होते, आणि त्याची आठवण म्हणून दर 31 जुलैला तिथे आजही लोक जमतात.

ही दोन उदाहरणे चिकाटीची म्हणून नेहमी सांगितली जातात. त्यांतून निघणारा दुसरा निष्कर्ष मला अधिक महत्त्वाचा वाटतो. इतक्या असामान्य माणसांनाही कोरडा काळ कोणाच्या तरी आधारावर काढावा लागला: भाऊ, मित्र, शिकवणीचा पगार. ज्याला असा आधार नव्हता तो बाहेर पडला, आणि बाहेर पडलेल्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. म्हणून चिकाटीने सगळे होते हे विधान यशस्वी झालेल्यांपुरतेच मोजून केलेले असते. आज जळगावच्या बार रूममध्ये ज्याचे वडील वकील आहेत त्याला ऑफिस, पुस्तके, पक्षकार आणि दुपारचा डबा वारशाने मिळतो. त्याने वर्षभर मुंबईच्या उत्तराची वाट पाहिली तरी बिघडत नाही. शेतमजुराच्या, एसटी कंडक्टरच्या किंवा हमालाच्या घरातून आलेल्या पहिल्या पिढीच्या वकिलाला तेवढा अवधी नसतो. मुलींच्या बाबतीत त्या अवधीची दुसरी बाजूही असते: उत्तर येत नाही तसतसा घरातला लग्नाचा विषय पुढे सरकतो. दोघांचे मेल फर्मच्या संगणकावर सारखेच दिसतात, पण सहा महिन्यांच्या शांततेनंतर एकजण रांगेत असतो आणि दुसरा पतसंस्थेत वसुली अधिकारी म्हणून रुजू झालेला असतो. कोणी कोणाला नाकारले नाही, तरी निवड झाली.

शिक्षण आणि व्यवसाय यांच्यामधली ही पोकळी आपोआप तयार झालेली नाही. 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये सनदेआधी प्रशिक्षण आणि परीक्षा यांची तरतूद होती. 1973 च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. पुढे 1995 मध्ये बार कौन्सिलने सिनिअरकडे एक वर्ष उमेदवारी सक्तीची करणारे नियम आणले. कायद्याने तसा अधिकारच उरलेला नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्च 1999 रोजी व्ही. सुधीर खटल्यात ते रद्द केले. त्यानंतर 2010 मध्ये अखिल भारतीय बार परीक्षेचा निर्णय झाला, मार्च 2011 मध्ये पहिली परीक्षा झाली आणि फेब्रुवारी 2023 मध्ये घटनापीठाने ती वैध ठरवली. परीक्षा आली, उमेदवारी मात्र आली नाही. शेजारच्या व्यवसायाशी ताडून पाहिले की काय हरवले ते कळते. जळगावच्या त्याच रस्त्यावर सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप करणाऱ्या मुलाची नोंद त्याच्या संस्थेकडे होते, काळ ठरलेला असतो आणि किमान विद्यावेतन शहराच्या लोकसंख्येप्रमाणे नियमात बसवलेले असते. मुंबईच्या सॉलिसिटरांचीही तीन वर्षांच्या आर्टिकलशिपची आणि त्यानंतरच्या परीक्षेची परंपरा आहे. बाकीच्या वकिलांच्या उमेदवारीला ना नोंद, ना काळ, ना मोबदला. ज्या व्यवस्थेत उमेदवारीच अनौपचारिक, तिथे तिच्यासाठीच्या अर्जाला औपचारिक उत्तर कुठून येणार?

मोबदल्याच्या बाबतीत थोडी हालचाल झाली आहे. मद्रास उच्च न्यायालयाने जून 2024 मध्ये ज्युनिअर वकिलांना चेन्नई, मदुराई आणि कोइमतूरमध्ये महिना 20 हजार आणि इतरत्र 15 हजार रुपये किमान मानधन देण्याबद्दल तिथल्या बार कौन्सिलला आदेश दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने शहरी भागात 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार अशी शिफारस देशभर पाठवली. शिफारस म्हणजे बंधन नव्हे. जिल्ह्याच्या ठिकाणी ती जशीच्या तशी पाळणारे ऑफिस शोधावे लागेल. केरळ आणि आंध्र प्रदेश यांनी नव्या वकिलांना महिना 5 हजारांपर्यंतच्या मदतीच्या योजना काढल्या. सनदेचा खर्चही खाली आला: सर्वोच्च न्यायालयाच्या 30 जुलै 2024 च्या गौरव कुमार निकालाने राज्य बार कौन्सिलांची हजारोंची वसुली थांबवली आणि कायद्यातली रक्कम, म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराला 750 आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला 125 रुपये, हीच घेता येईल असे सांगितले. दाराशी येण्याचा खर्च असा कमी झाला. दारात उभे राहण्याचा खर्च मात्र तसाच आहे, कारण त्याकडे खर्च म्हणून कोणी पाहत नाही.

यावर फर्मवाल्यांचे पहिले उत्तर ठरलेले आहे: मेल इतके येतात की प्रत्येकाला उत्तर देणे शक्य नाही. त्यात तथ्य आहे. पण मागणी प्रत्येकाला पत्र लिहिण्याची नाही, मौनाला अर्थ देण्याची आहे, आणि ते कसे करायचे हे कायद्यालाच उत्तम ठाऊक आहे. माहितीच्या अधिकारात 30 दिवसांत निर्णय झाला नाही तर माहिती नाकारली असे मानले जाते. अधिकारी गप्प बसला तरी एकतिसाव्या दिवशी अर्जदाराला कळते की आता अपिलाची वाट मोकळी झाली. फर्मने वेबसाइटवर एक ओळ लिहावी: अर्ज अमुक महिन्यात पाहतो, अमुक तारखेपर्यंत बोलावणे आले नाही तर या खेपेस जागा नाही असे समजावे, पुन्हा अर्ज करायचा तर सहा महिन्यांनी करावा. या ओळीला ना माणूस लागतो, ना टपालखर्च. इंग्लंड-वेल्समध्ये बॅरिस्टर होणाऱ्यांना चेंबरमध्ये उमेदवारी करावी लागते. तिथे 2020 च्या अखेरीपासून सगळ्या चेंबर्सना भरतीचे एकच वेळापत्रक पाळावे लागते, अर्ज वर्षाच्या सुरुवातीला आणि होकार मे महिन्यात. तिथेही जागा थोड्या आणि निराश होणारे पुष्कळ, पण मे उलटल्यावर जून कसा काढायचा हे ज्याचे त्याला ठरवता येते. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालय आणि मुंबई उच्च न्यायालय लॉ क्लार्कच्या जागा जाहिरात देऊन भरतात: पात्रता, शेवटची तारीख, निवडीची पद्धत सगळे लिहून. न्यायालयाला जे जमते ते न्यायालयात उभे राहणाऱ्यांना का जमू नये?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. फर्म खासगी आहे. कोणाला घ्यायचे हा तिचा प्रश्न. सरकारी भरतीचे नियम तिला कशाला? घेण्याच्या अधिकाराबद्दल माझाही वाद नाही. ओळखीच्या माणसाने सुचवलेला मुलगा घेतला तरी तो त्यांचा हक्क. पण वकिली हा किराणा दुकानासारखा कोणालाही काढता येणारा धंदा नाही. कायद्याने हा व्यवसाय सनदधारकांपुरता राखून ठेवला आहे. न्यायालयात दुसऱ्यासाठी उभे राहण्याचा हक्क इतरांना नाही. ज्या व्यवसायाला समाजाने अशी मक्तेदारी दिली, त्याच्या प्रवेशद्वाराशी काय चालते हा समाजाचा प्रश्न होतो. उद्याचे न्यायाधीश, सरकारी वकील आणि मोठ्या व्यवहारांचे सल्लागार याच दारातून आत जातात. त्यांत खान्देशची, मराठवाड्याची, आदिवासी पट्ट्यातली मुले किती दिसणार हे दाराशी थांबण्याच्या किमतीवर ठरणार असेल, तर खासगी हक्काचे कारण अपुरे पडते. शिवाय मुदत दिल्याने निवडीच्या स्वातंत्र्याला धक्का लागत नाही. न्यायालय दावा फेटाळते तेव्हाही निकालाची तारीख सांगतेच.

तिसरा आक्षेप खान्देशातूनच येतो: मुंबईच्या फर्मचा एवढा सोस कशाला? प्रतिभा पाटील यांनी वकिलीला सुरुवात जळगावच्या न्यायालयात केली. निकमांनीही तिथेच सुरुवात केली आणि पुढे मुंबई बॉम्बस्फोटांच्या आणि कसाबच्या खटल्यात सरकारची बाजू मांडली. जिल्हा न्यायालयात उलटतपासाचा जो हात बसतो तो काचेच्या इमारतीत करारनामे तपासून बसत नाही. हे सगळे खरे, आणि जिल्हा न्यायालयाची वकिली दुय्यम मानण्याचा करंटेपणा कोणी करू नये. तरी दोन गोष्टी शिल्लक राहतात. एक, 1991 नंतर कायद्याचे मोठे काम कंपन्या, कर्जे, जमीन आणि ऊर्जा यांच्याभोवती वाढले, आणि ते फर्मच्या हाती गेले. खान्देशातली जमीन आणि खान्देशातले कारखाने ज्या करारांत अडकतात ते लिहायला खान्देशची मुले नसावीत, हे काही भूषण नव्हे. दुसरे, जळगाव-धुळ्यात सिनिअरकडे बसायचे तरी वाट पाहणे चुकत नाही. "दिवाळीनंतर ये," "सुट्टी संपू दे, मग बघू," ही उत्तरे मुंबईच्या मौनापेक्षा गोड आहेत इतकेच. आत घेतल्यावरही पहिली दोन वर्षे तारीख मागणे, नकला काढणे आणि फाइल उचलणे यांत जातात, आणि मानधनाचा विषय काढायचा कोणी, हा संकोच दोन्हीकडे असतो. तेव्हा प्रश्न मुंबई की जळगाव असा नाही. तारखेवाचून थांबणे दोन्हीकडे आहे.

आता अर्जदाराच्या बाजूने. व्यवस्था सुधारेपर्यंत हातावर हात ठेवून बसता येत नाही, आणि इथेही दिवाणी प्रक्रिया संहिता कामी येते. एकदा निकाली निघालेला वाद पुन्हा आणता येत नाही, असे कलम 11 सांगते. पण त्यासाठी तो वाद ऐकून अंतिम निर्णय झालेला असावा लागतो. उत्तर न आलेला अर्ज कोणी ऐकलेलाच नसतो. त्यामुळे एका फर्मकडे पुन्हा अर्ज करण्यात ना लाज आहे, ना अडसर. मात्र पुनर्विलोकनाचा अर्ज करणाऱ्याला आदेश 47 मधले कारण दाखवावे लागते, आणि त्यांतले पहिले असे: पूर्वी समोर नव्हता असा नवा, महत्त्वाचा पुरावा. दुसऱ्या अर्जाची कसोटी हीच असावी. तारीख बदलून तोच सीव्ही, तेच "कठोर परिश्रमाची तयारी आणि शिकण्याची जिद्द", तीच वक्तृत्व स्पर्धेतली पारितोषिके पाठवली, तर पहिल्यांदा ज्याने मेल उघडला नाही त्याने आता का उघडावा? आणि खान्देशच्या मुलांची गोची अशी की जो पुरावा मुंबईच्या मुलांकडे असूच शकत नाही तो त्यांच्या अवतीभवती पडलेला असतो, आणि तो अर्जात लिहिण्यासारखा आहे असे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

साक्री तालुक्याचे उदाहरण घ्या. तिथे ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या, शिवाजीनगरला महानिर्मितीचा सौर प्रकल्प झाला. अशा प्रकल्पाला शेकडो गट नंबर लागतात आणि प्रत्येक गटाचा टायटल सर्च करावा लागतो. म्हणजे दुय्यम निबंधकाकडे तीस वर्षांचे इंडेक्स टू, तलाठ्याकडचे सातबारे, आठ-अ आणि फेरफाराच्या नोंदी. एखाद्या जुन्या उताऱ्यावर नावापुढे "अ.पा.क." एवढीच तीन अक्षरे असतात: खातेदार त्या वेळी अज्ञान होता आणि नाव पालनकर्त्याचे लागले होते. पुढे त्या पालनकर्त्याने न्यायालयाच्या परवानगीवाचून जमीन विकली असेल, तर सज्ञान झालेला वारस तीन वर्षांत त्या विक्रीला आव्हान देऊ शकत होता; दिले का, हे पाहावे लागते. "भोगवटादार वर्ग 2" असेल तर हस्तांतरणाला बंधने. खातेदार आदिवासी असेल तर महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे शासनाच्या पूर्वमान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आहे का, हा पहिला प्रश्न. त्यात चूक झाली तर प्रकल्पाखालची जमीनच हातची जायची. हे वाचायला मराठी दप्तराची सवय लागते, आणि ती धुळ्याच्या वकिलाकडे दोन वर्षे बसलेल्या ज्युनिअरकडे असते. नावे झाकून केलेला दोन पानांचा सर्च रिपोर्ट, इंग्रजीत नीट मांडलेला, अर्जासोबत गेला तर तो जमिनीचे आणि ऊर्जेचे काम करणाऱ्या फर्ममध्ये वाचला जाण्याची शक्यता पारितोषिकांच्या यादीपेक्षा पुष्कळ अधिक. पतसंस्थांच्या ठेवी, महामार्गावरचे अपघातदावे, धरणांच्या भूसंपादनाची वाढीव भरपाई, या कामांतूनही असाच पुरावा उभा राहतो. इंग्रजी कच्चे आहे ही अडचण खरी. पण नुसत्या इंग्रजीपेक्षा दोन्ही भाषांतला कागद समजणे दुर्मीळ आहे, आणि इंग्रजी सुधारता येते.

वाट पाहायची ती सनद काढून पाहावी, याला आता आणखी एक कारण झाले आहे. 20 मे 2025 च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. हा काळ तात्पुरत्या सनदेपासून धरला जातो, प्रमुख न्यायाधीशांचे, किंवा त्यांनी दुजोरा दिलेले दहा वर्षे वकिली केलेल्या वकिलाचे प्रमाणपत्र लागते आणि लॉ क्लार्क म्हणून केलेले कामही जमेस येते. म्हणजे मुंबईच्या मेलसाठी घरी काढलेले वर्ष दोन्हीकडून वाया, आणि तालुका न्यायालयात उभे राहून काढलेले वर्ष दोन्हीकडे उपयोगी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची बचाव वकिलांची यंत्रणा 2022 च्या योजनेनुसार तीन वर्षांपर्यंत वकिली झालेल्यांना सहायक म्हणून मानधनावर घेते. औरंगाबाद खंडपीठ जळगाव आणि धुळ्यापासून साधारण दीडशे किलोमीटरवर, आणि तिथल्या ऑफिसांना खान्देशातून येणाऱ्या अपिलांसाठी तालुक्याचे कागद समजणारा माणूस लागतो. हे पर्याय मुंबईची कवाडे बंद करीत नाहीत. पुढच्या अर्जाला पुरावा पुरवतात. अर्ज केल्यावर तीन आठवड्यांनी एक स्मरणपत्र, आणखी महिनाभर गेला की आपल्यापुरता तो अर्ज निकाली, आणि सहा महिन्यांनी नव्या कामासह नवा अर्ज: इतका साधा हिशेब ठेवला तर कोणाच्या मौनावर आपले वर्ष टांगले जात नाही.

इथे कोणी विचारील की हा सल्ला म्हणजे दोष व्यवस्थेचा आणि कष्ट उमेदवाराचे, असेच झाले ना? काही अंशी तसे झाले आहे. उमेदवाराचा शहाणपणा हा तात्पुरता उपाय आहे. त्याने फर्मची आणि बारची जबाबदारी संपत नाही. ती कोणी उचलावी याचे उत्तर मुंबईकडे बघून मिळणार नाही, कारण मुंबईच्या फर्मना आजच्या पद्धतीचा काही त्रास होत नाही. सुरुवात जिल्ह्यातून होऊ शकते. जळगाव आणि धुळ्याच्या वकील संघांनी दरवर्षी निकालांच्या हंगामात एक यादी लावावी: कोणत्या ऑफिसात ज्युनिअर हवा आहे, काम दिवाणी की फौजदारी की महसुली, मानधन किती, उत्तर कोणत्या तारखेपर्यंत मिळेल. मानधनाच्या रकान्यात शून्य असेल तर शून्य लिहावे. निदान बार कौन्सिलच्या शिफारशीशेजारी ते दिसेल. महाविद्यालयांनी आपली माजी मुले कुठे आहेत याची नोंद ठेवावी आणि मुंबई, पुणे, संभाजीनगरच्या ऑफिसांना सुट्या मेलऐवजी महाविद्यालयामार्फत, कामाच्या नमुन्यासह अर्ज पाठवावेत. एका मुलीच्या मेलला उत्तर न देणे सोपे असते, संस्थेच्या पत्राला तितके नसते. बार कौन्सिलला तर इंटर्नशिपचे आठवडे मोजता येतात. इंटर्न आणि ज्युनिअर घेणाऱ्यांनी आपली मुदत जाहीर करावी असा एक नियम तिला त्याला जोडता येईल. यातले काहीही केल्याने जागा वाढणार नाहीत, आणि बहुतेकांना नकारच मिळेल. पण नकार ठरल्या दिवशी मिळाला की त्याच आठवड्यात दुसरीकडे अर्ज करता येतो, आणि खान्देशातल्या बहुतेक घरांना परवडते ती एवढीच चैन आहे.